सोलंगची ड्रायलँड वही: मे २०२३ ते फेब्रुवारी २०२४

गट नऊ जणांचा: पाच मुलगे, चार मुली, वय १५ ते १९. सगळे स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, म्हणजे खांबांच्या गेटांमधून वळत उतरायच्या स्की शर्यती, करणारे. ही वही त्यांच्या ड्रायलँडची, म्हणजे बर्फ नसताना जमिनीवर करायच्या तयारीची. मुक्काम मनालीच्या वर, सोलंग खोऱ्यात. जागा म्हणजे १४ बाय २० फुटांची एक खोली, तिच्यावरची सिमेंटची गच्ची आणि मागचं उतरतं कुरण. हाताशी सामान होतं ते एवढंच: २० किलोचा एक बार, ९० किलोच्या प्लेटा, दोन केटलबेल (कडीचे लोखंडी गोळे), चार रबर बँड. युरोपातल्या क्लबांचे तक्ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. ते कुठे अडतात हे लिहून ठेवलं तर पुढच्याचा वेळ वाचेल.

८ मे

आज फक्त मोजमाप.

मुख्य चाचणी ४० सेंमी उंच खोक्यावरून आडव्या उड्यांची, ६० सेकंद. डावीकडे जमीन, मग खोक्यावर, मग उजवीकडे जमीन, परत खोक्यावर. माथ्याला दोन्ही पाय टेकले की एक धरायचा. नुसता एकूण आकडा लिहून भागत नाही, दर २० सेकंदांचा वेगळा लिहायचा. गटातल्या सगळ्यात दणकट मुलाचे आकडे २०, १७, ११. एका किरकोळ चणीच्या मुलीचे १६, १५, १५. बेरीज ४८ आणि ४६, म्हणजे मुलगा पुढे. पण खालची दहा गेटं कोण नीट काढणार, ते तिसऱ्या आकड्यात दिसतं.

बीप टेस्टमध्ये (बीपच्या तालावर पळायची दमाची चाचणी) सगळे उत्तम. रोज चढ-उतार करणाऱ्या पोरांना दम कमी पडत नाही. म्हणून तक्त्यातलं लांब पळणं आजच काढून टाकलं.

खरी गोची ४५ सेंमीच्या बाकावर. एका पायावर, पाच सेकंद मोजत, सावकाश बसायचं. नवांपैकी सात जण शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसले. उठताना मात्र सगळे झटक्यात उठले. जायंट स्लॅलमच्या वळणात बाहेरच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो आणि गुडघा हळूहळू वाकत असताना मांडीला तो पेलावा लागतो. तिथे पाय ढकलतो कमी, अडवतो जास्त. ही अडवायची ताकदच गटात नाही. पुढचा सगळा कार्यक्रम याच एका आकड्यावर बेतला.

एका पायावरच्या तीन सलग उड्यांत चौघांच्या डाव्या-उजव्यात १० टक्क्यांहून जास्त फरक. घोट्याची चाचणी म्हणजे भिंतीपासून पाऊल मागे घेत, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. यात दोघे ७ सेंमीच्या आत अडकले.

१३ मे

सुताराला बोलावून खोकी आणि स्लाइड बोर्ड (डावी-उजवीकडे घसरायची गुळगुळीत फळी) करून घेतले. बाहेरून आयता बोर्ड मागवला तर त्याच्या किमतीइतकंच भाडं द्यावं लागतं.

८ बाय ४ फुटांचं १८ मिमी प्लाय उभं चिरून २ फुटी दोन फळ्या काढल्या, म्हणजे एका शीटमध्ये दोन बोर्ड. वर १ मिमीचा गुळगुळीत सनमायका. खडबडीत किंवा लाकडाच्या रेघांचा घेऊ नका, पाय अडकतो. दोन्ही टोकांना देवदाराचे ४ बाय ३ इंची ठोकळे. ठोकळ्याची आतली बाजू साधारण १५ अंशांनी बाहेर कललेली हवी, म्हणजे पायाची पूर्ण कड टेकते. सरळ उभी ठेवली की सगळा दणका करंगळीच्या सांध्यावर बसतो.

ठोकळ्यांमधलं अंतर १६०, १८० आणि २०० सेंमी असं बदलता यावं म्हणून तीन जागी भोकं पाडली. पूर्ण लांबी कुणालाच झेपत नाही. पोरं मग नुसती घसरत जातात, बाहेरच्या पायावर भार घेऊन थांबत नाहीत, आणि थांबणं हाच तर व्यायाम.

फसलेलं: सनमायकाला मध्ये फुगा आला. रात्री गारठा होता, फेव्हिकॉल नीट बसायच्या आत वरची वजनं काढली होती. दुसऱ्या फळीवर पूर्ण २४ तास दगड ठेवले, ती ठीक निघाली. ठोकळे आधी लाकडाच्या स्क्रूंनी बसवले होते, ते तिसऱ्या दिवशी उपटून आले. आता ८ मिमीचे बोल्ट आरपार, खालून वॉशर आणि नट खाचेत बसवलेले. फळी गच्चीवर सरकते म्हणून खाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.

बुटांवर नायलॉनचे मोजे चढवायचे. लोकरीचा मोजा मऊ लागतो, पण त्याची लव फळीवर साठते आणि दहा मिनिटांत गती मरते. सिलिकॉन स्प्रे अगदी पुसट, फडक्यावर मारून.

खोकं ४० सेंमी उंच, माथा ५० बाय ५०, तळ ६० बाय ६०. तळ मोठा हवाच, नाहीतर कडेवर पाय पडला की खोकं कलंडतं. आत २५ किलो वाळूची गोणी ठेवली. कडा गोल तासून वर जुनी योगा मॅट ठोकली.

खर्च: दोन शीट प्लाय ६,२००, सनमायका १,४५०, बोल्ट-नट-फेव्हिकॉल ४८०, सुताराची मजुरी १,६००, स्प्रे ३५०. एकूण १०,०८० रुपये.

२२ मे

पायाभरणीचे सहा आठवडे सुरू. आठवड्यात तीन दिवस ताकद, दोन दिवस स्लाइड बोर्ड आणि तोल, एक दिवस हुंदडायला मोकळा.

गोब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बैठक): ४ सेकंद खाली, तळाशी २ सेकंद थांबा, १ सेकंदात वर. ४ फेऱ्या, प्रत्येकी ६. वजन १२ ते २० किलो. जोरबैठकांची सवय असलेली पोरं बैठका भराभर मारतात आणि तळाशी उसळी घेऊन वर येतात. ती उसळी मोडायलाच दोन आठवडे लागतात. ताल देणारं मेट्रोनोमचं अ‍ॅप लावल्याशिवाय चार सेकंदांचे दोन होतात, कितीही ओरडा.

घोटा आखडलेल्या दोघांची टाच उचलली जात होती. प्लायच्या उरलेल्या तुकड्यांतून १५ अंशांची पाचर करून दिली. घोट्याचे ताण रोज करायचेच आहेत, पण तोवर स्क्वॉट अडवून ठेवण्यात अर्थ नाही. स्की बूट स्वतःच नडगीला साधारण एवढंच पुढे झुकवून ठेवतो.

३० मे

नॉर्डिक कर्ल घातले आणि आठवडा बसला.

तक्त्यात ३ फेऱ्या, प्रत्येकी ६ होते. गुडघ्यांवर उभं राहून, घोटे मागे धरलेले, शरीर ताठ ठेवून पुढे झुकत जायचं. दुसऱ्या दिवशी पोरांना जिना उतरवेना. चौथ्या दिवशीही दोघींना पूर्ण वाकता येत नव्हतं. पायाच्या व्यायामाची दोन सत्रं वाया. अडवत खाली जाण्याच्या कामात स्नायू नेहमीपेक्षा जास्त दुखावतो, आणि हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीमागच्या स्नायूला, तर याची कसलीच सवय नव्हती.

नवा क्रम: पहिला आठवडा २ फेऱ्या, प्रत्येकी ३, एकदाच, छातीला रबर बँड बांधून. दुसरा आठवडा तेवढंच, पण दोनदा. तिसऱ्यापासून दर आठवड्याला फेरीमागे एक वाढवायचा, बँड पातळ करत जायचा. नेहमी सत्राच्या शेवटी, आणि दुसऱ्या दिवशी उड्या नाहीत. हा व्यायाम टाळून मात्र चालत नाही. स्की रेसिंगमधली मोठी दुखापत गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची (हाडं जोडणारा पट्टा), आणि नडगी पुढे सरकू न देण्यात त्या लिगामेंटला साथ देणारा स्नायू हाच.

जोडीदाराने घोटे धरणं हा प्रकारही बाद. हात निसटतात, मग पोरं भीतीने अर्ध्यातच हात टेकतात. फळीला खाच पाडून ट्रकवर माल बांधायचा रॅचेट बेल्ट (३८० रुपये) ओवला, घोट्याखाली फोमचा तुकडा. सहा जणांना एकामागून एक घेता येतं.

१७ जून

तीन जणांच्या जांघेत दुखतंय. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: स्लाइड बोर्डवर प्रत्येकी ४५ सेकंदांच्या ६ फेऱ्या, पोरांना मजा येते म्हणून वर आणखी दोन.

बोर्ड ४ फेऱ्यांवर आणला, २० सेकंदांचा, अंतर १६० सेंमी. जोडीला कोपनहेगन: कुशीवर आडवं, वरचा गुडघा बाकावर, कंबर उचलून धरायची. आधी १० सेकंद, प्रत्येक बाजूला ३ वेळा. बाकावर घोटा ठेवून करायचा लांब पल्ल्याचा प्रकार दोन महिन्यांनंतर. बोर्डवर नियम एकच, प्रत्येक टोकाला बाहेरच्या पायावर पूर्ण क्षणभर थांबायचं आणि आतलं पाऊल फळीवरून उचलून दाखवायचं. ज्याला उचलता येत नाही तो घसरतोय, वळत नाही.

१२ जुलै

८ ते १० जुलैच्या पावसात बियास नदीला पूर आला. कुल्लू-मनाली रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, वीज आणि फोन बंद. मेरठहून येणाऱ्या १०० किलोच्या प्लेटा मंडीत ट्रान्सपोर्टकडे अडकल्या. कधी येतील कुणालाच सांगता येत नाही. गटातल्या दोन घरांत पाणी शिरलं, ती मुलं येणार नाहीत. बाकीच्यांनाही सकाळी मदतीला सोडायचं ठरलं, संध्याकाळी ४० मिनिटं फक्त.

वजनांऐवजी वाळू. सिमेंटच्या गोण्या दुहेरी करून २० आणि ३० किलोच्या केल्या. तीस किलोची म्हणून बांधलेली गोणी रात्री पावसात राहिली, दुसऱ्या दिवशी काट्यावर ३६ भरली. गोणी कोरडी ठेवा, नाहीतर रोज मोजा.

दुसरा उपाय जास्त कामाचा निघाला आणि तो पाऊस संपल्यावरही ठेवला. प्लायच्या फळीवर उभं राहायचं. फळीखालून रॅचेट बेल्ट, तो कमरेच्या रुंद पट्ट्याला जोडायचा. गुडघा ९० ते १२० अंशांच्या मध्ये येईल अशी लांबी कसायची आणि ५ सेकंद जीव खाऊन वर ढकलायचं. काहीच हलत नाही. ३ दाब, प्रत्येकी ५ सेकंद, अशा ४ फेऱ्या, मध्ये २ मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाय जड होत नाहीत, कारण स्नायू ताणला जात नाही. घरचं काम उपसणाऱ्या पोरांना हेच परवडतं.

२८ जुलै

मंडीहून प्लेटा आल्या. त्यांच्याबरोबरच ३०० किलोचा टांगता डिजिटल काटा मागवला होता (२,२०० रुपये). बेल्ट आणि फळी यांच्यामध्ये हा काटा लावला की कोणता पाय किती ढकलतो ते समोर दिसतं. पहिल्याच मुलाचे आकडे: उजवा ११८, डावा ९६. जवळपास १९ टक्क्यांची तफावत. मे महिन्यातल्या उड्यांत याच मुलाचा फरक फक्त ७ टक्के होता. उडीत धड आणि हात उणीव झाकून नेतात, काट्याला ते जमत नाही.

काट्याबरोबर आलेला वाकडा हुक दुसऱ्या दिवशी उघडला. डी-शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) वापरा, ८० रुपयांना मिळाली. हुक निसटला तर लोखंड थेट जांघेत येतं.

कमजोर पायाची आधी एक फेरी, मग दोन्ही पायांच्या सारख्या. बलवान पायाचा व्यायाम कमी करून बरोबरी आणण्यात काही मिळवत नाही.

७ ऑगस्ट

खाली उतरण्याचे आठवडे. ३० सेंमी खोक्यावरून दोन्ही पायांवर, मग २० सेंमीवरून एका पायावर. मोबाईल समोर गुडघ्याच्या उंचीला, स्लो मोशन.

व्हिडिओत नवांपैकी पाच जणांचा गुडघा टेकताक्षणी आत झुकतो. ‘गुडघा बाहेर ठेव’ असं सांगून बघितलं, तर पोरं गुडघा बाहेर ढकलायच्या नादात पाऊलच बाहेरच्या कडेवर उभं करतात. ते सांगणं बंद केलं. त्याऐवजी एकच अट: आवाज आला नाही पाहिजे. गच्चीखालच्या खोलीत एकाला बसवलं, त्याला दणका ऐकू आला तर उतरणं बाद. आवाज घालवायला नितंब मागे आणि छाती पुढे न्यावीच लागते, गुडघा मग बराचसा आपोआप जागेवर येतो.

यापुढचा टप्पा बर्फावरच्या नेमक्या घातक क्षणासाठी. वळणात बाहेरची स्की पकड सोडते, पाय सरळ होऊन लांब जातो, आणि तीच स्की आतल्या कडेवर एकदम पकड घेते. गुडघा आत ओढला जाऊन पिरगळतो. जागतिक स्पर्धांतल्या अपघातांच्या व्हिडिओंत एसीएल तुटण्याचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. जमिनीवर त्याची हुबेहूब नक्कल करायची नाही, करू नका. पण पाय लांब पडला असताना भार घेऊन तो ताब्यात आणणं शिकवता येतं: आडवी उडी, उतरण्याच्या आधी क्षणभर जोडीदार ‘डावा’ किंवा ‘उजवा’ ओरडतो, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर. हाक लवकर दिली की व्यायाम फुकट. जोडीदार पाट्या टाकायला लागला की लगेच कळतं, सगळेच छान उतरायला लागतात.

इनलाइन स्केट्सचा विचार सोडला. पुरानंतर ५० मीटर सलग डांबर कुठे उरलेलं नाही.

४ सप्टेंबर

आकडे पडले. खोक्याच्या उड्या मे महिन्याच्याही खाली, चार जणांना झोप येत नाही, एकाचा गुडघा सुजलेला.

सफरचंदाचा हंगाम. पोरं पहाटेपासून बागेत, किल्टा (पाठीवरची टोपली) लावून, भरलेल्या पेट्या उतारावरून रस्त्यापर्यंत. आपण त्यांना संध्याकाळी वर स्क्वॉट करायला लावतोय. सत्राचा भार मोजायची सोपी रीत म्हणजे मिनिटं गुणिले दहापैकी किती जड वाटलं. आपलं सत्र ६० मिनिटं गुणिले ७, म्हणजे ४२०. बागेतले पाच तास, अगदी ४ धरला तरी १,२००. व्यायामाच्या तिप्पट भार वहीत कुठेच नव्हता.

हंगाम संपेपर्यंत पायांसाठी आठवड्यात एकच सत्र, २५ मिनिटं. फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांपुढे धरून बैठक) ३ फेऱ्या, प्रत्येकी ३, जड. बेल्टवरचे दाब २ फेऱ्या. नॉर्डिक २ फेऱ्या, प्रत्येकी ४. उड्या पूर्ण बंद, कारण भार वाहत उतार उतरणं हे दिवसभराचं अडवण्याचंच काम आहे. सुजलेला गुडघा डॉक्टरांकडे पाठवला, दहा दिवस विश्रांती. डोंगरातल्या किंवा शेतातल्या पोरांबरोबर काम करणाऱ्याने आधी गावाच्या कामाचं वेळापत्रक मागून घ्यावं, मग आपलं करावं.

९ ऑक्टोबर

बागा रिकाम्या, पोरं ताजी. वजनाचे सहा आठवडे.

सोमवारी फ्रंट स्क्वॉट, ४ फेऱ्या, प्रत्येकी ५. ३ सेकंद खाली. शेवटच्या उचलीनंतर आणखी दोन निघतील एवढं वजन, त्यापुढे नाही. गुरुवारी मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट, प्रत्येक बाजूला ३ फेऱ्या, प्रत्येकी ६, हातात वजन. दोन्ही दिवशी रोमेनियन डेडलिफ्ट (गुडघे जेमतेम वाकवून, कमरेतून झुकत बार उचलणं), ३ फेऱ्या, प्रत्येकी ६. बॅक स्क्वॉट (बार मानेमागे) नाही. १६-१७ वर्षांच्या पोरांच्या कमरा आधीच कुरकुरतात, आणि बार पुढे असला की पाठ वाकवून चोरी करता येत नाही.

याच कारणाने बसून वजन डावी-उजवीकडे फिरवायचा ‘रशियन ट्विस्ट’ काढला. वाकलेल्या कमरेने पिरगळणं स्कीवर भरपूर होतं. जिममध्ये पिरगळू न देणं शिकवायचं: बँड खांबाला, हात छातीसमोर लांब, १० सेकंद धरून. आणि कुशीवरचा प्लँक.

दोन पायांवर वर, एका पायावर खाली, हा प्रकार ३० सेंमी खोक्यावरून केला. दोन्ही हातात १०-१० किलो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाजूला २ फेऱ्या, प्रत्येकी ४ एवढंच. मे महिन्यातला धडा पुन्हा घ्यायचा नव्हता, आणि या वेळी मांड्या भरून आल्या त्या एक दिवसच.

६ नोव्हेंबर

शर्यतीच्या लांबीची कामं. जायंट स्लॅलमचा एक उतार साधारण मिनिट ते दीड मिनिटाचा, म्हणून ७० सेकंदांची फेरी: १५ सेकंद खोक्यावरून आडव्या उड्या, १० सेकंद टक, म्हणजे स्कीवर वेगात उतरताना दुमडून बसतात तसं खाली बसून राहायचं, १५ सेकंद स्लाइड बोर्ड, १० सेकंद टक, २० सेकंद परत खोकं. शेवटच्या २० सेकंदांच्या उड्या मोजायच्या.

इथे विश्रांतीचा घोळ झाला. तक्त्यात फेऱ्यांमध्ये ९० सेकंद होती. चौथ्या फेरीला उड्या १६ वरून ८ वर, गुडघे आत, उतरताना ढाप ढाप. घाम खूप गाळला, पण सराव झाला तो दमून वाईट उतरण्याचा. विश्रांती ५ मिनिटं केली, फेऱ्या ६ च्या ४. आता चौथ्या फेरीतही १४. पोरांना वाटतं हे फार आरामाचं आहे, सांगून पटत नाही. आकडे गच्चीच्या भिंतीवर खडूने लिहायला लागलो, मग बोलणं थांबलं.

शनिवारी शर्यतीसारखा दोन उतारांचा दिवस: सकाळी दोन फेऱ्या, दोन-तीन तास थांबून परत दोन. मधल्या वेळात काय खायचं आणि अंग गरम कसं ठेवायचं, ते या दिवशीच समजतं. भरपेट राजमा-चावल खाल्लेल्यांची दुसरी पाळी वाईट गेली. केळी, गूळ-दाणे आणि चहावर राहिलेले ठीक. मधे पाय मोकळे करायला जुनी स्पिन बाइक, ६,५०० ला, १० मिनिटं हलकी. तिचा पट्टा थंडीत घसरतो, रात्री खोलीत आणावी लागते.

१० डिसेंबर

फेरमोजणी. दणकट मुलाचे उड्यांचे आकडे २०, १९, १७. पहिला आकडा तसाच, हे अपेक्षितच. त्या मुलीचे १८, १८, १७. एका पायावर सावकाश बसणं आता आठ जणांना तळापर्यंत जमतं. काट्यावरच्या तफावतीचा मुलगा १३१ आणि १२०, म्हणजे ८ टक्के. ज्याचा गुडघा सुजला होता तो मागे आहे, त्याच्या उड्या २० सेंमी खोक्यावरच राहतील.

या आठवड्यापासून काम निम्मं, वजन तेवढंच. बर्फ पडायची वाट.

८ जानेवारी

बर्फ नाही. उतार तपकिरी. गुलमर्गहून येणारे फोटोही तसेच.

निम्म्या कामावर जास्तीत जास्त तीन आठवडे काढायचे ठरलं होतं, चार झाले. वजन कमी न करता फेऱ्या कमी केल्या तर ताकद टिकते, पण खोक्याचा तिसरा आकडा घसरायला लागलाय: १७ चे १५. त्यात पोरं कंटाळून स्वतःच गच्चीवर उड्या मारतात. तिघांच्या नडग्या दुखतायत. सिमेंट गोठलेलं आहे आणि कुरणातली माती त्याहून कडक. उड्या खोलीत, ज्यूटच्या जाड चटईवर दोन मॅट टाकून, आठवड्यात एकदाच, पाय ६० वेळा टेकेपर्यंत. नडगी दुखणाऱ्यांना बाइक आणि बेल्टवरचे दाब.

ताकदीचा छोटा टप्पा पुन्हा सुरू केला, तीन आठवड्यांचा. तेवढ्यात बर्फ पडलं तर मध्येच तोडायचा.

एक भर घातली: स्की बूट चढवून भिंतीला पाठ न लावता टक, ४५ सेकंद, ४ फेऱ्या. पहिल्याच दिवशी कळलं की दोघांच्या पायाला मागच्या वर्षीचे बूट बसत नाहीत. बर्फ वेळेवर पडलं असतं तर हे उतारावर कळलं असतं. बूट दरवर्षी ऑक्टोबरात घालून बघायचे.

३ फेब्रुवारी

३१ जानेवारीपासून दोन दिवस धो धो बर्फ. रस्ते बंद, उतार पांढरे.

पहिले तीन दिवस गेटं नाहीत. मोकळे उतार, दिवसाला दोन तास, दुपारनंतर बंद. आठ महिन्यांची तयारी असूनही पोटऱ्या आणि नडगीची पुढची बाजू दुखणारच, बुटाच्या जिभेचा दाब जमिनीवर तयार करता येत नाही. जुन्या बुटांच्या दोघांना नडगीवर फोड. मऊ पट्टी, पातळ एकच मोजा. दोन मोजे घातले की पाय आत हलतो आणि फोड वाढतो.

मांड्यांची मात्र कुणाची तक्रार नाही.

१५ फेब्रुवारी

बर्फावर असताना जिम आठवड्यात एकदा, ३० मिनिटं: फ्रंट स्क्वॉट ३ फेऱ्या, प्रत्येकी ३, नॉर्डिक २ फेऱ्या, प्रत्येकी ४, कोपनहेगन. गेटांच्या सरावानंतर त्याच संध्याकाळी, म्हणजे दुसरा दिवस हलका ठेवता येतो. सरावाच्या आदल्या संध्याकाळी घेतलेलं एक सत्र महाग पडलं. सकाळी सगळे पहिल्या चार गेटांतच उशिरा वळत होते.

आम्ही लावलेली जायंट स्लॅलमची वाट जेमतेम ३८ सेकंदांची. शेवटच्या आठ गेटांचा वेळ वेगळा घेतला. दणकट मुलाचा पहिल्या आणि पाचव्या उताराचा फरक ०.४ सेकंद. सुजलेल्या गुडघ्याच्या मुलाचा १.३, त्याला यंदा दिवसाला चारच उतार.

गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा २१ ते २५ फेब्रुवारी. इथून जम्मूमार्गे श्रीनगर गाठायचं म्हणजे दोन दिवस गाडीत. निघण्याच्या आधी दोन दिवस पायाचा जड व्यायाम नाही, दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटं चालायचं. सामानात रॅचेट बेल्ट, कमरेचा पट्टा, दोन बँड. फळी तिथे कुठलीही मिळते.

नॉर्डिकची फळी खाचेपाशी चिरली आहे. १८ मिमी पुरत नाही, सुताराला २५ मिमीची सांगितली.